नळ आणि तारा कुणाच्या, आणि जाब कुणाला?

केंद्रीय वीज मंत्रालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये वीज कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा जाहीर केला आणि वीज-पाणी सरकारी हातात असावं की खासगी, हा जुना वाद बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात पुन्हा पेटला. शहरातल्या 24 तास पाण्याच्या योजनेचं रखडलेलं काम आणि खोदून ठेवलेले रस्ते यांची त्यात भर पडली. एक बाजू म्हणते, वीज-पाणी खासगी कंपन्यांकडे गेलं की गरिबाच्या घरात अंधार आणि घागर कोरडी. दुसरी म्हणते, सरकारी खात्यांनी सत्तर वर्षांत काय दिवे लावले ते दिसतंच आहे, आता कंपन्यांना करू द्या. आणि आपल्या सीमाभागात तिसरा सूर ऐकू येतो, तो मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. "सरकार तसंही आपलं नाही. बिल कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, कचेरीत गेलं की उत्तर कन्नडमध्ये. कंपनी आली तर निदान गिऱ्हाईक म्हणून तरी विचारेल." हे बोलणारी माणसं भाबडी नाहीत. अनेकांची उमर सीमाप्रश्नाच्या मोर्च्यांत गेली आहे. तरीही त्यांचं हे म्हणणं चुकीचं आहे आणि ते महागात पडेल.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. विजेच्या तारा आणि पाण्याच्या वाहिन्या सार्वजनिक मालकीच्याच राहिल्या पाहिजेत. पण मालकी सरकारी आहे एवढ्यावर समाधान मानणं हा खासगीकरणाला विरोध नाही, ते त्याला दिलेलं आमंत्रण आहे. हिशेब लोकांपुढे येत नसेल, दर कसा ठरला ते विचारता येत नसेल, तर सरकारी मंडळ आणि खासगी कंपनी यांच्यात सामान्य माणसाला फरक दिसत नाही, आणि ज्याला फरक दिसत नाही तो मंडळाच्या बाजूने रस्त्यावर उतरत नाही.

गिऱ्हाईक म्हणून विचारेल, या आशेत मोठी गफलत आहे. गिऱ्हाइकाला किंमत कधी येते? तो उठून शेजारच्या दुकानात जाऊ शकतो तेव्हा. बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत पाण्याची एकच वाहिनी आहे. तिच्या शेजारी दुसरी कंपनी दुसरी वाहिनी टाकणार नाही, कारण तो खर्च कुणालाच परवडणारा नाही. एकदा मक्ता दिला की वीस-पंचवीस वर्षं तोच मालक, तोच नळ. अशा ठिकाणी आपण गिऱ्हाईक असतो ते फक्त बिल भरण्यापुरते. नागरिक म्हणून मात्र काही हक्क उरतात: नगरसेवकाला, आमदाराला घेरता येतं, माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो, सुनावणीत उभं राहता येतं. हे हक्क अपुरे आहेत, वापरताना घाम फुटतो, हे मान्य. पण ते सोडून देऊन त्या बदल्यात नुसतं गिऱ्हाईक व्हायचं, हा कसला व्यवहार?

खासगी वीज आपल्या जिल्ह्याला नवी नाही. गोकाकच्या धबधब्यावर 1887 मध्ये सूतगिरणी सुरू झाली ती घटप्रभेच्या पाण्याच्या जोरावर, एका इंग्रज व्यापारी घराण्याच्या भांडवलावर. त्या काळाच्या मानाने हे धाडस मोठंच होतं. पण ती शक्ती गिरणीसाठी होती. आसपासच्या खेड्यांच्या घरांत दिवा लागायला त्यानंतर दोन-तीन पिढ्या जाव्या लागल्या. देशभर हेच चित्र होतं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाची एकूण वीजक्षमता 1,362 मेगावॉट होती आणि वीज पोचलेली खेडी सुमारे दीड हजार. वीजपुरवठा बहुतांशी खासगी परवानेदारांच्या हाती होता आणि त्यांनी तो शहरांत, गिरण्यांत, जिथे पैसा सुटतो तिथेच ठेवला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, धंदा असाच चालतो. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वीज धोरणात लक्ष घातलं, ते हेच चित्र समोर ठेवून. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, मालकी कुणाची याचा निर्णय या कसोटीवर व्हावा, असा त्यांचा रोख होता. पुढे 1948 चा वीजपुरवठा कायदा आला, राज्या-राज्यांत वीज मंडळं उभी राहिली. बेळगाव 1956 मध्ये मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. कुणाच्या हद्दीत राहायचं याचा लढा चालू राहिला आणि त्याच काळात दोन्हीकडच्या मंडळांनी खांब रोवत रोवत डोंगराळ खेड्यांपर्यंत तारा नेल्या. कणकुंबी-जांबोटीच्या जंगलात तार ओढून कुठल्या कंपनीला नफा झाला असता?

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो टाळून वाद घालणं अप्रामाणिक होईल. तो पाण्याचा आहे. जागतिक बँकेच्या कर्जातून हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा या शहरांच्या काही भागांत 24 तास पाण्याचा प्रयोग झाला. 2008 च्या सुमारास बेळगावच्या निवडक वॉर्डांत दिवसरात्र पाणी सुरू झालं. चालवणारी कंपनी फ्रान्सची, व्हेओलिया. आणि प्रयोग यशस्वी झाला, हे नाकारण्यात शहाणपणा नाही. उरलेल्या शहरात काय होतं ते इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. चार-पाच दिवसांनी पाणी, तेही वॉल्व्हमनच्या वेळेनुसार. तो लांब दांड्याची किल्ली घेऊन येतो, रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडतो, चाकी फिरवतो आणि गल्लीत एकदम मोटारींचा आवाज सुरू होतो, कारण प्रत्येकाने नळाला मोटार लावलेली. वरच्या अंगाच्या घरांना बारीक धार, शेवटच्या घराला नुसता वाऱ्याचा फुसफुसाट. पाणी बंद झालं की रिकाम्या वाहिनीत आजूबाजूच्या गटाराचं पाणी झिरपतं आणि पुढच्या खेपेला पहिल्या दोन बादल्या ओतून द्याव्या लागतात. वाहिनी सतत भरलेली असेल तर हे घडत नाही. हुबळी-धारवाडमध्ये कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी नळांचं पाणी तपासलं, तेव्हा 24 तासांच्या भागात जंतुदोष कमी आढळला. पाण्यासाठी रात्र जागणाऱ्या बाईला "हे भांडवलदारांचं कारस्थान आहे" असं सांगणाऱ्याने आधी तिच्या जागी उभं राहून पाहावं.

पण हे यश कशाचं होतं? त्या वॉर्डांत जुन्या गंजलेल्या वाहिन्या काढून नव्या टाकल्या, प्रत्येक जोडणीला मीटर लावला, गळती शोधून बुजवली. त्याला लागलेला पैसा सार्वजनिक होता, कर्ज सरकारच्या नावावर होतं. कंपनीने भांडवल ओतलं नाही, तिला ठरलेलं शुल्क मिळालं. म्हणजे पाणी आणलं ते इंजिनिअरिंगने आणि सरकारी पैशाने. कंपनीने काम चोख केलं, त्याचे पैसे तिला मिळाले आणि ते मिळायलाच हवेत. मालकी देण्याचा प्रश्न त्यातून निघतोच कुठे? ओडिशात पुरी शहरात 2021 पासून नळाला 24 तास थेट पिण्यालायक पाणी येतं. ते काम राज्य सरकारच्या मालकीच्या कंपनीनं केलं. आणि बेळगावात ज्या व्हेओलियाचं कौतुक झालं, तिच्याकडून आणि सुएझ या दुसऱ्या कंपनीकडून पॅरिस शहराने 2010 मध्ये पाणीपुरवठा काढून घेतला आणि पालिकेच्या हाती दिला. आपण ज्या घरून कंपनी आणली, त्या घरातच हा निर्णय झाला, ही गोष्ट इथल्या चर्चेत कुणी काढत नाही.

इंग्लंडचा दाखला तर याहून बोलका. 1989 मध्ये तिथे पाणी कंपन्या विकल्या, विकताना त्यांच्यावरचं जुनं कर्ज सरकारने उतरवून दिलं. वर नियामकही नेमला. आज लंडनला पाणी देणारी थेम्स वॉटर अब्जावधी पौंडांच्या कर्जात बुडाली आहे आणि नद्यांत मैलापाणी सोडल्याबद्दल दंड भरते आहे. नियामक होता, कायदा होता, इंग्रजी जाणणारे ग्राहक होते, जागरूक वर्तमानपत्रं होती. तरीही कंपनी कर्ज काढत गेली, भागधारकांना लाभांश वाटत गेली. "खासगी करा, वर कडक नियामक ठेवा, झालं" असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. इंग्लंडच्या नियामकाला जमलं नाही ते इथे कोण करणार?

विजेच्या बाबतीत दिल्लीचं उदाहरण दिलं जातं. 2002 मध्ये तिथलं वितरण खासगी झालं, तेव्हा निम्म्याहून अधिक वीज गळती आणि चोरीत जात होती. आज ती गळती दहा टक्क्यांच्या आत आहे. कामगिरी खरी आहे आणि सरकारी कंपन्यांनी ती मान खाली घालून वाचावी अशी आहे. पण पुढचं पानही वाचायला हवं. त्या कंपन्यांची ग्राहकांकडून यायची म्हणून मान्य झालेली, पण अजून वसूल न झालेली रक्कम 27,200 कोटींच्या घरात गेली होती आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा थकीत रकमा ठरावीक वर्षांत फेडून घेण्याचा आदेश दिला. म्हणजे आजचं बिल कमी दिसलं ते उद्याच्या बिलावर ढकलून. आणि या कंपन्यांचे हिशेब महालेखापालांनी तपासावेत असं दिल्ली सरकारने ठरवलं, तर 2015 मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. गळती कमी झाली, पण वहीचं पान उघडायचा हक्क गेला. शिवाय दिल्ली हे दाटीवाटीचं शहर आहे. खेड्यापाड्यांच्या राज्यात काय होतं ते बघायचं तर पुन्हा ओडिशातच जावं लागतं. 1999 मध्ये तिथे वितरण खासगी झालं, त्याच वर्षी महाचक्रीवादळ आलं, तारा-खांब जमीनदोस्त झाले आणि एका अमेरिकन कंपनीने दोन वर्षांतच अंग काढून घेतलं. उरलेल्या तीन विभागांचे परवाने 2015 मध्ये नियामकाने रद्द केले. वादळात पळून जायची सोय मंडळाला नसते. खानापूरच्या पावसाळ्यात झाड पडून लाईन तुटते तेव्हा भर पावसात खांबावर चढणारा लाईनमन कुठल्या हिशेबात बसतो, हा प्रश्न वातानुकूलित खोलीत मसुदा लिहिणाऱ्यांना पडत नाही.

त्या मसुद्याचा आपल्या जिल्ह्यावरचा परिणाम समजून घेण्यासाठी फार कल्पनाशक्ती लागत नाही. एकाच तारेवरून अनेक कंपन्यांना वीज विकायची मुभा त्यात आहे. मग येणारी कंपनी कुणाकडे जाईल? उद्यमबाग, मच्छे, काकती, होनगा इथल्या फाउंड्र्या आणि कारखान्यांकडे. तिथलं गिऱ्हाईक मोठं, वसुली पक्की. हेमाडग्याच्या चार घरांची वस्ती आणि खेड्यांतले शेतीपंप उरतील हेस्कॉम या सरकारी वीज कंपनीच्या गळ्यात, आणि त्यांचा तोटा भरून काढणारा पैसा मात्र निघून गेलेला असेल. त्यानंतर पाच वर्षांनी तेच लोक बोट दाखवतील, बघा, सरकारी कंपनी तोट्यात आहे, विका.

इथे उद्योजकांची तक्रारही ऐकली पाहिजे, ती खोटी नाही. शेतीपंपाच्या आणि गरिबाच्या विजेचा भार कारखान्याच्या दरावर टाकत राहणं किती दिवस चालणार? 2013 च्या सुमारास कोल्हापूरचे कारखानदार महाराष्ट्रातल्या वीजदराला वैतागून कर्नाटकात येण्याची भाषा करत होते, कागल ओलांडून निपाणीकडे जागा बघण्यापर्यंत मजल गेली होती. सीमा इतकी जवळ असली की दरातला रुपया-दीड रुपया माणसं आणि कारखाने हलवतो. पण यावरचा उपाय कायद्यात आधीच आहे. 2003 च्या वीज कायद्याचं 65 वं कलम सांगतं की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी. कर्नाटकात 10 एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, जुलै 2023 पासून गृहज्योती योजनेत घरांना 200 युनिटपर्यंत मोफत आहे. मी या योजनांच्या विरोधात नाही. दोन खोल्यांच्या घरात बिलाची चिंता मिटली, हे मी पाहिलंय. पण ही सवलत सरकारच्या तिजोरीतून, वेळेवर आणि पूर्ण यावी. सरकारनं दानशूर व्हायचं आणि कंपनीनं कर्ज काढून पगार करायचे, या रीतीनेच सरकारी कंपन्या आजारी पडतात. आजार सरकारने लावायचा आणि औषध म्हणून विक्री सुचवायची?

सरकारी की खासगी एवढीच वाट आहे असं धरून भांडणाऱ्यांना आपल्याच जिल्ह्यातलं हुक्केरी दिसत नाही, याचं मला नवल वाटतं. 1969 मध्ये तिथे ग्रामीण वीज सहकारी संस्था उभी राहिली आणि कर्नाटकात वीज वाटणारी ती एकमेव सहकारी संस्था आहे. आजही ती चालू आहे. तिच्याकडे आदर्श म्हणून बोट दाखवावं अशी स्थिती नाही. संचालक मंडळाची निवडणूक विधानसभेसारखी लढली जाते, जिल्ह्यातली बडी राजकीय घराणी त्यात उतरतात. पण ज्यासाठी बडे लोक इतकं झगडतात ती गोष्ट सभासदांच्या मतावर ठरते, हेही तितकंच खरं. खासगी कंपनीच्या संचालक मंडळावर कोण असावं, याचं मत हुक्केरीच्या शेतकऱ्याला कुणी मागणार आहे का?

मुद्दा येऊन ठेपतो तो जाब विचारण्याच्या सोयीवर, आणि इथे वीज आणि पाणी यांच्यातला फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. विजेला कर्नाटकात 1999 पासून नियामक आयोग आहे. दरवाढीचा अर्ज आला की हरकती मागवाव्या लागतात, त्यांचा विचार करावा लागतो. एप्रिल 2025 पासून निवृत्तिवेतनाचा बोजा म्हणून युनिटमागे 36 पैसे आपल्या बिलात आले. ते अन्यायाचे आहेत असं मला वाटतं. सरकारच्या जुन्या मंडळातल्या माणसांचं निवृत्तिवेतन सरकारनं द्यायला हवं. पण ते किती, कधीपर्यंत, कशासाठी हे आयोगाच्या आदेशात लिहिलेलं आहे आणि म्हणून मी त्यावर भांडू शकतो. ग्राहक गाऱ्हाणे मंच आहे, त्यावर लोकपाल आहे. पाण्याला यातलं काय आहे? राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी घरात पोचेपर्यंत किती खर्च होतो, किती गळतं, चालवणाऱ्याला किती दिले जातात, हे कुठल्या सुनावणीत विचारायचं? शहरभर 24 तास पाणी देण्याचं काम एल अँड टी या कंपनीकडे सोपवलं गेलं त्या काळात तर बेळगाव महापालिकेला महापौरच नव्हता. जुन्या सभागृहाची मुदत 2019 च्या मार्चमध्ये संपली, निवडणूक झाली सप्टेंबर 2021 मध्ये आणि महापौर निवडला गेला फेब्रुवारी 2023 मध्ये. शहराच्या पाण्याचं पुढच्या पिढीपर्यंतचं भवितव्य ठरत होतं आणि निवडून आलेल्या सभागृहात त्यावर चर्चा होण्याची सोय नव्हती. कंपनी बरी की वाईट हा नंतरचा प्रश्न. ठरवलं कुणी, हा पहिला.

आणि आता भाषा. सरकारी मालकी असूनही मराठी माणसाला मराठीत बिल मिळत नाही, हे शंभर टक्के खरं. तरीही सरकारशी भांडायला आपल्या हातात काहीतरी आहे. भाषिक अल्पसंख्याकांना 1956 मध्ये दिलेल्या संरक्षणानुसार, जिथे अल्पसंख्याकांचं प्रमाण 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहे तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत निघाल्या पाहिजेत. याच आधारावर सीमाभागातले कार्यकर्ते इतकी वर्षं भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे निवेदनं देत आले आहेत. यश थोडं आलं, दाद मागायचं दार मात्र उघडं राहिलं. खासगी कंपनीला हे बंधन लागू करायचं तर ते आधी करारात घालावं लागेल. करार लिहिताना आपल्यापैकी कोण त्या खोलीत असणार? "सरकार आपलं नाही, कंपनी तरी बरी" म्हणणाऱ्या मित्रांना मला हेच विचारायचंय. ज्या सरकारला आपण कायदा दाखवू शकतो त्याच्याकडून मराठी मिळत नाही, मग ज्या कंपनीला दाखवायला कायदाच नाही, तिच्याकडून कशी मिळेल?

म्हणून "खासगीकरण हटाव" एवढ्या घोषणेवर मी थांबायला तयार नाही. महाराष्ट्रात जानेवारी 2023 मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी खासगी कंपनीला त्याच भागात समांतर वीजवाटपाचा परवाना देण्याच्या विरोधात संप केला, सरकारला आश्वासन द्यावं लागलं. ती ताकद मोलाची आहे. पण संप कर्मचाऱ्यांचा होता. ग्राहक त्यात कुठे होता? आपल्याकडे मागण्या ग्राहकांकडून यायला हव्यात. पाण्यालाही विजेसारखा नियामक हवा. चालवणाऱ्या कंपनीशी झालेला पाण्याचा करार, त्यातली कामाची मुदत आणि दंडाची कलमं, कन्नड आणि मराठीत महापालिकेत कुणालाही बघायला मिळावीत आणि दर सहा महिन्यांनी सभागृहात त्यावर खुली चर्चा व्हावी. वीजदराच्या अर्जाचा सारांश बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठीत निघावा. सवलतीचे किती पैसे सरकारने दिले आणि किती थकवले, ते बिलाच्या मागे छापावं.

आणि पुढच्या वेळी आयोगाची नोटीस वर्तमानपत्रात येईल तेव्हा खेड्यातल्या युवक मंडळांनी, महिला बचत गटांनी, फाउंड्रीवाल्यांच्या संघटनेनं हरकती लिहाव्यात. "दरवाढ नको" एवढं लिहून भागत नाही. टीसी (ट्रान्सफॉर्मर) कोणत्या तारखेला जळला, तक्रार कधी नोंदवली, नवा किती दिवसांनी बसला, तो आणायला ट्रॅक्टरचं भाडं गावानं वर्गणी काढून दिलं का, थ्री फेज किती तास मिळते, हे तारीखवार लिहावं, खाली गावातल्या पन्नास जणांच्या सह्या घ्याव्यात, एक प्रत पोच घेऊन आपल्याकडे ठेवावी आणि सुनावणीच्या दिवशी निदान दोघांनी तरी तिथे जाऊन उभं राहावं.